पिवळा कागद, पांढरा कागद

शाळेचा कागद पोरांच्या दप्तरातून घरी येतो, तेव्हा तुम्ही तो सही करायच्या आधी वाचता, की सही केल्यावर? खरं सांगा. का वाचतच नाही? पेन हुडकायचं, "कुठे करू गं?" विचारायचं आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही ठोकून द्यायची. फ्रीमाँटमधल्या आपल्या निम्म्या घरांत हीच रीत आहे.

रत्ना त्यातली नव्हे. निदान तिचा तसा दावा होता.

रत्ना नागपूरची. तिचे वडील कोर्टाच्या फाटकाबाहेर टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. शाळा सुटली की ती त्यांच्याजवळ जाऊन बसायची. वडील सांगायचे, "साहेब काय बोलतो ते ऐकू नये, काय लिहितो ते वाचावं. आणि वाचायला खालून सुरुवात करावी. गोम तळाशी असते." रत्नाचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, पण हे शिक्षण काही सुटलं नाही. नवरा शशिकांत सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या मागे ती अमेरिकेत आली, तर हिच्या व्हिसावर नोकरी करायला बंदी. मग ही बाई शाळेत शिरली. दर गुरुवारी दुपारी ऑफिसमागच्या झेरॉक्सच्या खोलीत बसून घरी जायच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजायची, दुमडायची, वर्गावर्गाच्या फोल्डरमध्ये भरायची. फुकट. शाळेला वाटायचं, काय गुणी बाई आहे! रत्नाचा हिशोब निराळा होता. चिठ्ठी चारशे घरांत पोचण्याआधी हिची वाचून झालेली असायची. मग घरोघरचे फोन सुरू. "रत्नाताई, त्या निळ्या फॉर्मवर काय लिहायचं?" "काही लिहू नको, तो ऐच्छिक आहे. सही केलीस तर दर शनिवारी गाड्या धुवायला बोलावतील."

इंग्रजी मोडकं, राग नाकाच्या शेंड्यावर. पण अडला की जो तो तिच्याच दारात.

ही गोष्ट यंदाच्या, २००३ च्या एप्रिल-मेमधली. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ सार्सची साथ. हाँगकाँग, सिंगापूर, तोंडाला फडकी बांधलेली माणसं. दुकानात कुणी खोकलं तर पुढचा माणूस रांग बदलायचा, आणि खोकणारा चिनी असेल किंवा आपल्यासारखा सावळा असेल तर जरा लवकरच बदलायचा. शाळेनं नियम काढला: सार्स असलेल्या देशातून, नुसतं विमान बदलून का होईना, जो आला त्याच्या मुलानं दहा दिवस घरी राहायचं. मग वर्गात परत.

यामिनी आणि प्रसाद हे पुण्याचं जोडपं, रत्नाच्याच टाउनहाउसच्या ओळीत राहणारं. प्रसादचे वडील गेले म्हणून सगळे घाईनं पुण्याला गेले होते. तेरावा उरकून सोमवारी, एकवीस तारखेला, परत आले. सिंगापूरमार्गे. विमानतळावर चार तास. त्यांची निधी दुसरीत. ऑफिसातून फॉर्म आला, यामिनीनं प्रामाणिकपणे सगळं लिहून दिलं आणि पोरीला घरी ठेवलं.

पुढल्या आठवड्यात मंगळवारी यामिनीनं रत्नाला फोन केला. "रत्नाताई, निधीला कधी पाठवू? दहा दिवस कधी होतात?"

रत्ना पोळ्या लाटत होती. फोन खांद्यात धरून म्हणाली, "सुतक कसं धरलंत आत्ता? पहिला दिवस धरूनच ना? हेही सुतकच समज, सरकारी. एकवीसला उतरलात, तीसला दहा झाले. गुरुवारी पाठव बिनधास्त."

"फॉर्मच्या प्रतीवर काही लिहिलंय, ते वाचून दाखवू का?"

"अगं, दहा म्हणजे दहा! त्यात काय वाचायचं?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

गुरुवारी, एक मेला, रत्ना नेहमीप्रमाणे बाराला शाळेत गेली. ऑफिसातली डोना दर वेळी हसून चावी द्यायची. त्या दिवशी ती उठून दारातच उभी राहिली. "आज मदत नको. फोल्डर भरून झालेत."

"कोणी भरले?"

"आम्हीच."

तीन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. रत्नाला पहिला वास तिथेच आला. डोनाच्या खांद्यावरून तिनं आत पाहिलं, तर मशीनच्या ट्रेमध्ये पिवळे कागद. पिवळा कागद म्हणजे तातडीचा. डोनाच्या ते ध्यानात आलं आणि तिनं पायानं दार लोटलं. कोर्टाच्या फाटकात वाढलेल्या बाईसमोर पायानं दार लोटायचं म्हणजे तिला आमंत्रणच की! रत्ना गाडीत जाऊन बसली, एसी लावला आणि शाळा सुटेपर्यंत तिथून हलली नाही.

तिचा केदार पाचवीत. गाडीत बसल्या बसल्या तिनं त्याचं फोल्डर उघडलं. पिवळी चिठ्ठी. खालून वाचायला सुरुवात केली. तळाशी मुख्याध्यापिका मिसेस हॉलंड यांची सही. त्याच्यावर, घाबरण्याचं कारण नाही. आणि त्याच्यावर: अलीकडेच भारतातून परतलेली दुसरीतील एक विद्यार्थिनी दहा दिवसांची मुदत पूर्ण न करता आज शाळेत आली होती, तिला घरी पाठवण्यात आले आहे.

"भारतातून परतलेली, दुसरीतली. नावच छापायचं होतं ना, मेल्यांनो!"

"मॉम, एव्हरीबडी नोज इट्स निधी," केदार मागच्या सीटवरून म्हणाला. "दे मेड हर सिट इन द ऑफिस. विथ अ मास्क."

घरी पोचते तो यामिनीचा फोन. बोलणं कमी, रडणं जास्त. साडेनऊला निधीला वर्गातून उठवलं. प्रसाद कामावरून येईपर्यंत तिला ऑफिसच्या कोपऱ्यात बसवलं. दुपारी शनिवारच्या वाढदिवसाच्या पार्टीचा फोन आला, या वेळी नको, पुढल्या वर्षी नक्की. आणि नुकताच लेझीम बसवणाऱ्या सुलभाकाकूंचा. मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात मुलींचं लेझीम होतं, निधी पहिल्या रांगेत. काकू म्हणाल्या, "तिला या वेळी आराम करू दे."

"निधी विचारतेय, आई, मी घाण आहे का? काय सांगू हो तिला?"

रत्नाचं डोकं फिरलं. चुगली कुणी केली? पोरगी गुरुवारी येणार हे शाळेला सकाळी सकाळी कसं कळलं? संशय एकदा आत शिरला की घरातली सगळी भांडी वाजवून बघतो. तिनं एकेक नाव काढलं आणि सुलभाकाकूंवर येऊन थांबली. सुलभाकाकू साठीच्या. मुलाकडे राहायच्या, नातीला शाळेत सोडायच्या, आणि ऑफिसच्या बाकावर बसून डोनाशी गप्पा मारायच्या. झालं! चप्पल घालून रत्ना थेट त्यांच्या दारात.

"काकू, काऊन केलं असं? आपल्याच पोरीचं नाव गोऱ्यांना देऊन काय मिळालं?"

काकू शेंगा सोलत होत्या. सोलतच राहिल्या. "मी नाव दिलं नाही, रत्ना. पण माहीत असतं तर दिलं असतं. माझ्या नातीला दमा आहे."

"दहा दिवस झाले होते!"

"मग भांडायला माझ्याकडे का आलीस? शाळेत जा. आणि जाताना तो फॉर्म वाचून जा. तूच सांगतेस ना सगळ्यांना, वाचा म्हणून."

रत्ना फणफणत परत आली. फॉर्म काही वाचला नाही. रागावलेल्या माणसाला वाटतं, वाचणं म्हणजे माघार.

शुक्रवारी सकाळी आठला ती मिसेस हॉलंडसमोर बसली. शेजारी यामिनी, मांडीवर पर्स घट्ट धरून. निधी घरी. खरं तर त्या दिवसापासून तिला परवानगी होती, पण ती शाळेचे बूटच घालेना.

रत्नानं कॅलेंडर टेबलावर आपटलं. बोट ठेवत ठेवत मोजलं. एकवीस, एक. बावीस, दोन. तीसवर येऊन थांबली. "टेन. माझ्याकडेही दहा बोटं आहेत, मॅडम. तुम्ही या पोरीला उगाच गुन्हेगार केलंत. कुणी फोन केला तुम्हाला?"

मिसेस हॉलंड चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, रत्नाला सोपं गेलं असतं. त्यांनी फाइलमधून फॉर्म काढला आणि तिच्याकडे फिरवून ठेवला. "कुणीच नाही. उतरल्याची तारीख आईनंच लिहिली आहे. हजेरी तपासताना निधी आल्याचं डोनाला दिसलं. तिसरी ओळ वाचा."

तिसरी ओळ अगदी तळाशी होती. उतरण्याचा दिवस मोजू नये. परत येण्याची तारीख: २ मे.

शाळेनं तारीखसुद्धा लिहिलेली होती! खाली यामिनीची सही. गाडीच्या बॉनेटवर केल्यासारखी, तिरकी.

यामिनीनं मान खाली घातली. ती म्हणू शकली असती की रत्नाताईंनी सांगितलं. म्हणाली नाही. पुण्याची माणसं तोंडाची तिखट म्हणतात, पण ही गप्प बसली, आणि ते गप्प बसणं रत्नाला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. चारशे घरांना कागद वाचायला शिकवणाऱ्या बाईनं हा एक कागद पोळ्या लाटता लाटता उडवून लावला होता.

आता दोन वाटा होत्या. आवाज चढवून बाहेर पडायचं, लोकांना सांगायचं की शाळा आपल्याशी वाईट वागते. लोकांनी मानलंही असतं, कारण ते पूर्ण खोटं नव्हतं. पण मग पिवळा कागद जिथल्या तिथे राहिला असता, आणि निधी त्या कागदातच राहिली असती.

रत्नानं पिवळी चिठ्ठी पुन्हा समोर ओढली. खालून वर. आणि तिचं बोट एका शब्दावर अडलं.

"मॅडम, तुमच्या नियमाच्या यादीत इंडिया आहे?"

मिसेस हॉलंडनी यादी काढली. चीन, हाँगकाँग, व्हिएतनाम, सिंगापूर. आणखी दोनचार नावं. इंडिया नव्हतं.

"मग चिठ्ठीत इंडिया का? पोरगी सिंगापूरच्या विमानतळावर चार तास होती. तुम्ही सिंगापूर लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं कोण ती. इंडिया लिहिलंत आणि दुसरीत बोट दाखवायला एकच पोर उरलं."

"ती कुठून आली, एवढंच आम्ही लिहिलं."

"आणि काल मला झेरॉक्सच्या खोलीत का शिरू दिलं नाहीत?"

मिसेस हॉलंड खिडकीबाहेर बघायला लागल्या. "तुम्ही त्यांच्या शेजारी राहता. डोनाला वाटलं, अवघड होईल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, वाचल्यावर कळणार म्हणून."

रत्नानं पेन काढलं, टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि वडिलांच्या वळणानं, समास सोडून, चार ओळी लिहिल्या. दिवस मी मोजून दिले. मोजणी माझी चुकली. आईचा दोष नाही, मुलीचा तर नाहीच. खाली सही, पूर्ण नावानं. कागद सरकवला.

"ही माझी चूक. लिहून दिली. आता तुमची लिहा."

मिसेस हॉलंडनी त्या चार ओळी दोनदा वाचल्या. बाहेर डोनाचा फोन वाजत होता. मग त्या म्हणाल्या, "दुसरी चिठ्ठी काढू. आजच."

मजकुरावर अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: विद्यार्थिनी निरोगी आहे. मुदत मोजण्यात एका दिवसाचा गैरसमज झाला. भारताचा उल्लेख शाळेकडून चुकून झाला, भारत यादीत नाही. ती परत वर्गात येत आहे, तिचं स्वागत करा.

"पिवळ्यावर छापा," रत्ना म्हणाली.

"पिवळा फक्त तातडीसाठी असतो."

"एका सात वर्षांच्या पोरीला वर्गात तोंड दाखवायचंय. ही तातडी नाही?"

"नियम आहे," मिसेस हॉलंड म्हणाल्या. तिथे मात्र त्या हटल्या नाहीत.

पांढऱ्यावर छापलं. डोनानं चावी दिली. रत्ना आणि यामिनी त्या खोलीत शेजारी बसून चिठ्ठ्या दुमडत राहिल्या. शंभरेक झाल्यावर यामिनी म्हणाली, "ताई, मी तुमचं नाव सांगणार नव्हते."

"माहीत आहे. म्हणून तर लिहावं लागलं, बापा."

शनिवारी मंडळात लेझमाच्या पहिल्या रांगेत एक जागा रिकामी होती. सुलभाकाकूंनी रत्नाकडे पाहिलं, रत्नानं त्यांच्याकडे. वडा घेताना काकू एवढंच म्हणाल्या, "दुसरी चिठ्ठी कसली गं? आमच्याकडे पिझ्झाच्या जाहिरातीत काहीतरी पांढरं होतं खरं."

सोमवारी निधी शाळेत गेली. रत्ना पार्किंगमध्ये उभी होती, तिला कुणीही बोलावलेलं नसताना. तिच्या पायाशी दोन पांढऱ्या चिठ्ठ्या लोळत होत्या, बुटांच्या ठशांसकट. तिनं त्या उचलल्या. पिवळी एकही पडलेली नव्हती. पिवळ्या सगळ्या घरोघर फ्रिजला चिकटल्या होत्या, मॅग्नेटखाली, नीट.

दुपारी निधी बाहेर आली. यामिनीनं विचारलं, "कोण बसलं शेजारी?" निधी म्हणाली, "टीचर." आणि गाडीत जाऊन बसली.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांच्या फ्रिजवर तो पिवळा कागद आजही असेल. उठा, काढा तो. पांढरा सापडला तर त्या जागी लावा, नाही सापडला तर रत्नाकडे आहेत, बुटांचे ठसे चालत असतील तर. आणि मग एक फोन करा यामिनीला. दिलगिरी नको, चौकशी नको, "कशी आहे आता तब्येत?" हे तर मुळीच नको. एवढंच म्हणा, "निधीला आमच्याकडे खेळायला पाठव." आजच म्हणा.