कांद्याच्या चाळीतल्या कॅसेटी

“मावशी, तुमी हात लावू नका,” म्हणत आमच्या शेजाऱ्यानं खोक्यात हात घातला. मनगटापर्यंत सडक्या कांद्याचं पाणी. व्हिडिओ गेमची एकेक कॅसेट काढून तो शर्टाला पुसत होता. वरचे नावाचे कागद गळून गेले होते. तळाशी त्याची नोंदींची वही होती, तिची शाई पार वाहून गेली होती.

कांदा साठवायची ही चाळ माझी. जागा मीच दिली होती. चाळीत वारा खेळतो, कांदा टिकतो, मग कॅसेटी का टिकणार नाहीत, एवढंच आमचं डोकं चाललं. खोकी फळ्यांखाली सरकवली. वरचा कांदा सडला की पाणी खालीच येतं, हे जन्मभर चाळी भरणाऱ्या बाईला सुचलं नाही.

तो वारूळवाडीत आमच्या शेजारी टीव्ही दुरुस्त करायचा आणि पुढच्या खोलीत पोरांना पैशावर गेम लावून द्यायचा. सायबर कॅफे आले तशी ती खोली बंद पडली, पण कॅसेटी त्यानं विकल्या नाहीत. एकाच अमेरिकन कंपनीचे खेळ तो जुन्या बाजारांतून जमवायचा. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. समोरच्याला चहा पाजून आपलंच ऐकवणारी.

“गेमचं मशीन बनवनाऱ्या कंपनीतनं चार जण भायेर पडले, मावशी, आन् ही कंपनी काढून त्याच मशीनसाठी सोताचे खेळ काढले. खेळावर करणाऱ्याचं नाव छापलं! आदी कुनी छापत नव्हतं.”

वहीत तेच असायचं: खेळ, साल, करणाऱ्याचं नाव.

“माझ्या कांद्यावर कोन नाव छापतंय?”

“आडत्याच्या विक्रीच्या पट्टीवर असतं की.”

“ते मालकाचं, राबनाऱ्याचं न्हाई.”



नासाडी झाली तेव्हा त्याची बायको म्हणाली, “उकिरड्यावर टाका. लई वास मारतोय.”

“न्हाई. परत लिवायचं.”

त्यानं नवी वही आणली. मी स्पिरिटचे बोळे करून द्यायचे, तो कॅसेट पुसून मशीनला लावायचा. चित्र आलं की खेळ ओळखायचा आणि लिहायचा. ज्या सुरूच होईनात, त्या कुणी खुणांवरून ओळखेल म्हणून पिशवीत घालून जुन्या गिऱ्हाइकांना दाखवत हिंडला. कुणी टोमॅटोची पिकअप चालवत होतं, कुणी निरगुडसरला ऊस तोडून घेत होतं. कुणी ओळखलं, कुणी हसलं.

शेवटी एक उरली. मी म्हटलं, “लिव कायतरी. अमेरिकेतनं कोन बघाया येतंय?”

“खोटं लिवलं तर ज्यानं केला त्याचं नाव जातं, मावशी.”

तोवर त्याच्या पायांना सूज आली होती. तरी एसटीची वाट बघत बसला आणि डिंभ्याला गेला. मी बरोबर होते. तिथं धरणात मासे धरणारा एक जण पूर्वी नारायणगावला शिकायला होता आणि याच्या खोलीत खेळायला यायचा. त्यानं कॅसेट उलटी केली आणि लाजला.

“भाऊ, हे दात माझेच. हरलो म्हनून चावली व्हती. पाणबुडीची हाय. हवा संपायच्या आत वर यायचं.”

यानं तिथंच उभ्या उभ्या वही काढली. खेळ लिहिला, साल लिहिलं, करणाऱ्याचं नाव लिहिलं. मग खाली बसला.

वर्षाच्या आत किडन्यांनी तो गेला. वहीत त्याचं स्वतःचं नाव कुठंच नाही. ते सांगायला त्याची बायको आहे. मी आहे.