पाच बोटांची जागा

जिभाऊ दुसऱ्याच्या गाडीत चढताना चपला काढायचे. गाडी कुणाचीही असो. आमच्या आप्पांच्या शाळेच्या व्हॅनमध्ये पोरांनी सांडलेल्या वेफरचा सडा असायचा, पण हा माणूस तिच्यातही अनवाणी! मी हसले की म्हणायचे, "हसू नको, माय. ज्याची गाडी, त्याचं घर."

डिंडोलीत रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते गाड्यांचं आतलं प्लास्टिक नवं करून द्यायचे. उन्हाने पांढरे पडलेले डॅशबोर्ड, तडे गेलेली दारं, नखांनी खरवडलेले हँडल. आधी बमरोलीच्या मिलमध्ये कापड रंगवायचे. मिल सुटली, रंग काही सुटला नाही. शेडमध्ये रंग जुळवणं त्यांना पटत नसे. तुकडा घेऊन भर उन्हात उभे राहायचे आणि गिऱ्हाइकाने घाई केली की त्यालाही शेजारी उभं करायचे. "राखाडी काय एक असते का, शेठ?" लोक ज्या खिशात रुमाल ठेवतात, त्यात यांचा पाणीपेपर. पाण्यात भिजवून घासायचा तो खरखरीत कागद. सुतकातही तो खिशात असायचा, म्हणजे बघा!

मूळचे आमच्यासारखेच अमळनेरकडचे. दर रविवारी आमच्याकडे शेवभाजी खायला हजर. आई गेली तरी तो रविवार आप्पांनी मोडू दिला नाही. भाजी मी करायचे. तिखट कमी पडलं की जिभाऊ तोंडावर सांगायचे.

माझं लग्न ठरलं. साखरपुड्याच्या पाहुण्यांना स्टेशनवरून व्हॅनमधून आणायचं होतं आणि मला त्या व्हॅनची लाज वाटत होती. खोटं कशाला बोलू, जीव जायचा लाजेने! मीच हट्ट धरला, की जिभाऊंकडून आतून रंगवून घ्या. आप्पा तयार झाले. फक्त एक जागा तशीच ठेवायची होती. व्हॅन नवी आली तेव्हा आईने ओल्या कुंकवात पाचही बोटं बुडवून डॅशबोर्डवर उमटवली होती. फिकट, तपकिरी झाली होती, पण होती. "जिभाऊंना सांगायचं ना?" मी विचारलं. आप्पा म्हणाले, "त्यांना काय सांगायचं? आपलाच माणूस आहे."

व्हॅन आली ती नव्यासारखी. जिभाऊ चपला हातात घेऊन खुशीत उतरले. "पोरांनी बर्फगोळ्याचे हात पुसले होते समोर. काय चिवट डाग! घासून घासून काढला तेव्हा गेला."

त्या चकचकीत जागेवर आप्पांनी नुसता हात ठेवला, बोटं पसरून. जिभाऊंनी त्या बोटांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"वहिनी?" एवढंच विचारलं त्यांनी. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "परका असता तर गोष्ट वेगळी. मी आपल्यातला ना हो, आप्पा! माले कसं दिसनं नही?"

आम्ही खूप समजावलं. आप्पा म्हणाले, चूक आमची, आम्हीच बोललो नाही. पण कुठलं काय! रविवारचं येणं बंद झालं. मी दिसले की जिभाऊ समोरच्या गल्लीत वळायचे. शेडमध्ये आलेल्या प्रत्येकाला आता आधी विचारायचे, "यातलं काय ठेवायचं?" आणि लोक त्यांना खुळ्यात काढायचे. नवं दिसण्याची हौस माझी, आणि मान खाली घालून हिंडत होते ते. मला घास गोड लागेना.

साखरपुड्याला ते आले नाहीत. लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीत आप्पांनी शेजारची पत्रावळ त्यांच्यासाठी राखली. ती तशीच उचलली गेली.

पाठवणी त्याच व्हॅनमधून होती, बारडोलीला. आत्याने कुंकू कालवून आणलं. "आईच्या जागी तुझी बोटं उमटव." मी उमटवली. कुंकू धरेचना! जिभाऊंनी इतकं गुळगुळीत काम केलं होतं, की लाल ओघळ थेट खाली आले. बायकांची कुजबुज सुरू झाली. कुणीतरी "अपशकुन" म्हणालंच. आप्पांना कुठे बघावं कळेना.

तेवढ्यात गर्दीच्या पाठीमागून जिभाऊ आले. जेवायला नाही आले, पण तिथे होते! दाराशी चपला काढल्या, आत चढले, नव्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीने ओघळ पुसले. खिशातून पाणीपेपर काढला आणि स्वतःचंच काम खरवडायला लागले. एवढ्या माणसांसमोर. कान लाल झाले होते त्यांचे.

"आता लाव, माय."

बोटं उमटली, राहिली. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर मागे सरकले. "ही तुझी झाली," म्हणाले. "वहिनीची मी घालवली ती घालवली." आणि चपला हातातच घेऊन निघून गेले.

आता जिभाऊ नाहीत. व्हॅन आहे. नव्याने बसणारा कुणी ना कुणी विचारतो, "बाकी रंग इतका सुरेख, मग एवढीच जागा कुणी खराब केली?"

आप्पा म्हणतात, "ज्याने रंगवली, त्यानेच." आणि गाडी सुरू करतात.