बुद्ध पौर्णिमेला दुकान बंद राहील

माझं दारूचं दुकान आहे. इंग्रजीत हे सांगायला मला कधीच जड गेलं नाही. लिकर शॉप म्हटलं की तो एक धंदा वाटतो, भाड्याचा, लायसन्सचा, कामगारांचा. मराठीत तेच वाक्य म्हणायला गेलो की तोंडून दुसराच शब्द निघतो.

दुकान पापाकुरा स्टेशनाजवळ आहे. इथे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला, जिथे पाव, पेपर, गोळ्या-बिस्किटं मिळतात त्याला, डेअरी म्हणतात. न्यूझीलंडला आल्यावर आधी मी तशाच एका डेअरीत नोकरी केली आणि फोनवर आईला तेच सांगितलं. पुढे शेजारचं दारूचं दुकान मी विकत घेतलं, पण फोनवरचा शब्द तोच राहिला. आईने पुण्यात विहारातल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं, मुलगा परदेशात डेअरी चालवतो. एकीने विचारलं, म्हशी किती? आई म्हणाली, तिकडे गाईच असतात.

गेल्या डिसेंबरात ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. मी तिला दुकानात नेलं. तिने चिलरच्या लांबलचक काचेकडे पाहिलं, आतल्या बाटल्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हेच का तुझं दूध?"

रोज सकाळी हॉलमधल्या बुद्धमूर्तीसमोर ती पंचशील म्हणते आणि मी मागे हात जोडून उभा राहतो. पाचवं शील मद्याचं. ती ओळ आली की माझा आवाज आपोआप खाली जातो. तिचा वर चढतो.

बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. तिची दुपारची पाळी असली की आई घरी एकटी नको म्हणून मी तिला बरोबर नेत असे. मागच्या खोलीत खुर्ची टाकून ती मोबाईलवर काहीतरी ऐकत बसायची. मार्चच्या सुरुवातीला अशाच एका दुपारी आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं. घरांची छपरं घालणारा गोरा माणूस, दिलदार आणि बडबड्या. मला तो बॉस म्हणतो. थायलंडला सुट्टीवर जाऊन आला होता. नाकाचं साल निघालेलं.

"कशी झाली सुट्टी?" मी विचारलं.

"झकास. एक दिवस सोडून. बॉस, तुला खरं वाटणार नाही, दिवसभर बिअर नाही! दुकानातल्या फ्रिजवर चक्क चादर टाकलेली. मी विचारलं काय झालं, कोण मेलं का? तर म्हणे बुद्धा डे!"

"अरेरे."

"शेवटी एका हॉटेलवाल्याने चहाच्या किटलीतून दिली. कपबशीत बिअर प्यायलो मी, माझ्या आजीसारखा करंगळी वर करून! त्यांचा देव, त्यांनी पाळावा ना. मी कशाला तहानलेला राहू?"

तो हसला, मीही हसलो. त्याच्या बिअरचा खोका स्कॅन करता करता म्हणालो, "सॉरी अबाउट दॅट, मेट."

आईला इंग्रजी येत नाही. पण दोन शब्द तिला कळले होते. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "तो बुद्धाबद्दल काय बोलत होता?"

"काही नाही गं. तिकडे पौर्णिमेला दारू मिळाली नाही म्हणून कुरकुर करत होता."

"मग तू सॉरी का म्हणालास?"

"इथे म्हणायची पद्धत आहे. कुणाचा धक्का लागला तरी म्हणतात."

"धक्का त्याला लागला होता की तुला?"

मी गाडी चालू केली. बुद्धाच्या वतीने मी एका माणसाची माफी मागितली होती. कशाबद्दल, तर त्याला एक दिवस बिअर मिळाली नाही याबद्दल.

पुढच्या महिन्यात गुड फ्रायडे आला. त्या दिवशी आणि ईस्टरच्या रविवारी आमच्यासारख्या दुकानांना कायद्याने विक्री बंद. आदल्या संध्याकाळी दारापर्यंत रांग लागली. लोक सुट्टीचा साठा करत होते आणि एकाच्याही तोंडून तक्रार निघाली नाही. तो छपरंवालाही रांगेत होता. "उद्या बंद ना? म्हणून आज दोन खोके," एवढंच म्हणाला. त्याच्या देवाचा दिवस मी इतकी वर्षं निमूटपणे पाळत आलो. बाहेर पाटी लावतो, कुलूप घालतो, घरी जातो. मग आपल्या एका दिवसाला काय झालं? त्या रात्री जेवताना मी सांगून टाकलं की बुद्ध पौर्णिमेला दुकान बंद ठेवणार.

बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "शुक्रवार येतोय, सगळ्यात जास्त विक्रीचा."

"माहीत आहे."

"ठेव बंद. माझं काही म्हणणं नाही. पण पाटीवर स्टॉकटेक लिही, मालाची मोजणी चालू आहे म्हणून."

"का?"

"का ते तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. आमचं आडनाव असं आहे की ते पुण्यात दोन-तीन समाजांत सापडतं. इथल्या मराठी मंडळींनी ते आपापल्या सोयीने लावून घेतलं आणि मी ते तसंच राहू दिलं. कुणी मूळचे कुठले विचारलं की मी पुणे म्हणायचो आणि पुढचा प्रश्न यायच्या आत क्रिकेट काढायचो. एकदा शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला, एका मराठी कुटुंबाकडे जेवायला गेलो होतो. यजमानांनी कोट्यातल्या डॉक्टरांवर विनोद केला. सगळे हसले. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी आणखी एक पुरी मागून घेतली. ती पुरी मला अजून पचलेली नाही. दारू विकण्याची लाज आहेच, पण तिच्याहून ही लपण्याची लाज मोठी आहे. दारू मी निदान उघड, दिव्याच्या उजेडात विकतो.

पौर्णिमेच्या पाटीचा प्रश्न हा असा होता. गोऱ्या गिऱ्हाइकांना बुद्ध पौर्णिमा वाचून काहीच कळणार नव्हतं. मराठी माणसाला एका क्षणात सगळं कळणार होतं.

आई आमचं बोलणं ऐकत ताटातली आमटी भुरकत होती. ती खूश होईल अशी माझी समजूत. ती म्हणाली, "वर्षभर विकायची आणि एक दिवस शील पाळायचं, हे कुठल्या बुद्धाने सांगितलं?"

"कुठल्याच नाही."

"मग?"

"मग काही नाही. बंद ठेवणार."

"दुकानच का नाही विकत?"

घर त्या दुकानावर चालतं. पण पूर्ण चांगलं होता येत नाही म्हणून अर्धंही व्हायचं नाही, हे मला मान्य नाही. त्या हिशेबाने जगातली निम्मी चर्चं ओस पडतील.

पाटी मी हाताने लिहिली. इंग्रजी ओळ खाली, बारीक: आज बुद्धाचा जन्मदिवस, दुकान बंद. वर मोठ्या ठळक अक्षरांत मराठी: आज बुद्ध पौर्णिमा. दुकान बंद राहील.

पाटी लावून घरी जाता आलं असतं. गेलो नाही. सकाळी घरी वंदना केली, खीर खाल्ली, आणि दुपारी दुकान उघडायच्या वेळेला जाऊन कुलूप लावलेल्या दारासमोर उभा राहिलो. आई म्हणाली मीही येते. मागच्या दाराने आत जाऊन ती काउंटरमागे खुर्चीवर बसली. दिवे तिनेच लावले.

पहिली आलेली बाई पाटी वाचून म्हणाली, "ओह, बुद्धाचा वाढदिवस? माझ्याकडून हॅपी बर्थडे सांग त्याला." आणि दुसऱ्या दुकानाकडे वळली. एका म्हाताऱ्याने विचारलं, तुमच्याकडे यात केक असतो का? मी म्हणालो, खीर असते. पुढच्या वेळी घेऊन ये, म्हणाला. दोन पोरगे शिव्या देत गेले, पण त्या मला नव्हत्या, शुक्रवारला होत्या.

चारच्या सुमाराला छपरंवाल्याची गाडी आली. त्याने पाटीची खालची ओळ वाचली, मागे सरून पुन्हा वाचली.

"नो वे. इथेही?"

"इथेही."

"बॉस, हे न्यूझीलंड आहे!"

"गुड फ्रायडेला तुझ्यासाठी बंद ठेवतो की मी."

"मी कुठे चर्चला जातो?"

"मग तर प्रश्नच मिटला. तुझ्या देवासाठी तूही जात नाहीस, तरी मी बंद ठेवतो. माझ्यासाठी एक दिवस तू तहानलेला राहा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "तू बुद्धिस्ट आहेस? मग त्या दिवशी मी एवढं बोललो तेव्हा का नाही बोललास?"

"चूक झाली. आणि ते सॉरी मी परत घेतोय."

"सॉरी परत घेता येतं?"

"मी घेतोय."

तो खदखदून हसला. "किटली तरी आहे का आत?" म्हणाला आणि गेला.

त्याची मला भीती नव्हतीच. ज्याची होती तो साडेपाचच्या ट्रेनने आला. पुण्याचा मुलगा, आयटीतला, माझ्याहून बराच लहान. दर शुक्रवारी स्टेशनातून थेट दुकानात यायचा, रेड वाईन घ्यायचा, मला दादा म्हणायचा. आज त्याची बायको गाडी घेऊन न्यायला आली होती, समोर रस्त्याकडेला थांबली होती. अंधार पडत होता. दुकानातल्या उजेडात त्याने वरची ओळ वाचली.

"दादा, बुद्ध पौर्णिमा? तुम्ही विपश्यना वगैरे करता का?"

"नाही. आम्ही बौद्ध आहोत."

"ओके, म्हणजे बुद्धिझम फॉलो करता. मस्तच. मलाही आवडतो, फिलॉसॉफी म्हणून."

"फॉलो नाही रे. घरचाच आहे. माझ्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली."

त्याच्या चेहऱ्यावर बेरीज-वजाबाकी चालू झाली. ती मी लहानपणापासून ओळखतो.

"अच्छा," तो म्हणाला. "पण तुमचं आडनाव तर..."

"तेच आहे आडनाव."

"नाही नाही, म्हणजे मी काही मानत नाही हं ते."

"काय ते?"

समोर गाडीची काच खाली आली. "काय रे, मिळाली का?"

"अगं, बंद आहे," तो वळून म्हणाला. "त्यांचं काहीतरी पर्सनल आहे."

मला घाबरवायला एवढा एक शब्द आजवर पुरत होता. मी फुटपाथच्या कडेपर्यंत गेलो आणि मोठ्याने म्हणालो, "पर्सनल काही नाही, वहिनी! आज बुद्ध पौर्णिमा आहे. आम्ही बौद्ध आहोत, म्हणून बंद आहे!"

स्टेशनातून येणारी माणसं वळून पाहू लागली. "अय्या, हो का? शुभेच्छा हं!" ती म्हणाली आणि काच वर गेली. तो गाडीत बसला. जाताना त्याने हात केला, पण नेहमीसारखा नाही.

मी मागच्या दाराने आत आलो. आई खुर्चीतच होती.

"एवढा ओरडलास कशाला?"

"ऐकू जावं म्हणून."

"गेलं. मलाही गेलं." मग तिने विचारलं, "उद्या उघडणार?"

"उघडणार."

"मग उद्यापासून मला इथे आणू नकोस. मी बसेन घरी एकटी."

तेव्हापासून ती दुकानात आली नाही. तिचं बरोबर आहे. तिचं बरोबर असूनही मी जे केलं ते पुढच्या वर्षी करणार आहे, त्याच्या पुढच्याही, दुकान असेपर्यंत. अल्बनीच्या मंडळींचं बोलावणं त्यानंतर आलेलं नाही. निरोप राहून गेला असेल किंवा नसेल. मी विचारायला गेलो नाही, आणि आता क्रिकेटही काढत नाही.

तो मुलगा मात्र येतो. दोन-तीन आठवडे आला नाही, मग आला. दादा म्हणत नाही. माझ्याशी तो आता इंग्रजीत बोलतो. बाटली काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "जस्ट दिस, थँक्स."

"कागदी पिशवी देऊ का?" मी मराठीत विचारतो.

"नो, ऑल गुड."

"बरं. सावकाश जा. बाहेर ओलं आहे."