अक्कांच्या सात स्लाइड

सोलापूरच्या भवानी पेठेत माझं डीटीपीचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बोर्ड, गृहप्रवेश, नवी गाडी, सगळं मी करते. गल्लीत कुणाचं काय चाललंय हे मला सगळ्यांच्या आधी कळतं, कारण त्याचा फ्लेक्स माझ्याकडेच छापला जातो. तर एका सकाळी मागच्या गल्लीतल्या अक्का दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "मला पीपीटी पायजे."

"किती बाय कितीचा?" मी सवयीनं विचारलं.

मग जीभ चावली. अक्कांना तो फ्लेक्स नव्हे, एवढं माहीत होतं. मला तर आयुष्यात पहिल्यांदाच असं काम कुणीतरी मागत होतं. बिझनेस प्रेझेंटेशन! मी खुर्ची पुढे ओढली आणि रोज दोन-चार करत असल्यासारखा चेहरा केला.

अक्कांचं घर विणकरांचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, व्यापाऱ्यांशी हिंदी. मागच्या अंगाला टॉवेलचा छोटा कारखाना. नवरा आणि तिघे दीर माग चालवतात, शिलाई आणि विक्री अक्का बघतात. दहा मागांपैकी सहा बंद होते आणि टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या चार बायांना अक्कांनी स्वतःच्या तोंडानं 'सध्या येऊ नका' असं सांगितलं होतं. आता मोठमोठ्या शहरांत हॉटेलं असलेल्या एका कंपनीची माणसं सोलापुरात येणार होती. टॉवेलवाल्यांना एकेक करून दहा मिनिटं मिळणार होती. त्या दहा मिनिटांवर अक्कांचे सहा माग आणि चार बाया अवलंबून होत्या.

"पण मला असं हॉलमधी बोलायला येत न्हाय गं," अक्का म्हणाल्या. "एका वाक्यात तीन भाषा येतात माझ्या. लोक हसतील. तू सगळं त्यात लिही. मी नुसतं वाचून दाखवते."

मी लिहिलं. लिहिलं म्हणजे काय, बावीस स्लाइड भरल्या. पहिल्या स्लाइडवर वरती गणपती, त्याखाली सासरे-सासू, मग अक्कांचे यजमान, मग तिघे दीर, मग जावा, वयाच्या क्रमानं, सगळे फोटो एकाच मापाचे. हे माप फार महत्त्वाचं असतं. आमच्याकडे पत्रिकेत एका काकाचं नाव राहिलं म्हणून काका लग्नाला न आल्याचं मी स्वतः पाहिलंय. भोवती सोनेरी वेलबुट्टी, मधे जरीच्या रंगाची अक्षरं, आणि प्रत्येक ओळ गिरक्या घेत आत येणारी. पुढच्या स्लाइडवर कारखान्याचा इतिहास, त्याच्या पुढच्या स्लाइडवर उरलेला इतिहास. अक्का बघून हरखल्या. "लग्नच हाय की गं हे!" त्या म्हणाल्या. मी अशी फुगले की विचारू नका.

संध्याकाळी बाबा दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात. बाबांनी उभी हयात चादरींची नक्षी काढली. जकार्डच्या मागासाठी आधी ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून मोर, वेल, कलश काढावे लागायचे. ते काम त्यांचं. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना स्क्रीन दाखवायला गेले, तर त्यांनी बघितलंच नाही. "त्वांड रस्त्याकडं कर त्याचं," म्हणाले, आणि उठून रस्ता ओलांडून समोरच्या पानपट्टीपाशी जाऊन उभे राहिले.

"काय दिसतंय?" मी ओरडून विचारलं.

"गर्दी!" तिकडून उत्तर आलं.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मोतीबिंदू दाखवून घ्या आधी. बाबा शांतपणे परत आले आणि खुर्चीत बसले. "चादर कुणी हातात घिऊन न्हाय बघत पैल्यांदा," ते म्हणाले. "गिऱ्हाईक दुकानाच्या दारातनं बघतंय. तितनं मोर दिसला तर आत येतंय."

"मग? माझ्यात काय मोर कमी आहेत?"

"लई हायत. आमी एका चादरीत दोन काढायचो. जास्ती काढले की सगळ्या कोंबड्या दिसत्यात."

त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ते जेवायला गेल्यावर मी स्क्रीनचं तोंड रस्त्याकडे केलं, गुपचूप रस्ता ओलांडून पानपट्टीपाशी गेले आणि माझ्या दुकानाकडे बघितलं. कोंबड्याच होत्या. अख्खं खुराडं.

फोटो काढून टाकायचे म्हटल्यावर अक्कांचा चेहरा पडला. "सासूबाईंना काय सांगू? धाकट्या दिराला काय सांगू? तो म्हणेल वैनीनं एकटीनं मिरवून घेतलं." हे खरंच होतं. यावर कुठल्याही कॉम्प्युटरात उत्तर नसतं. पण मी भवानी पेठेतली फ्लेक्सवाली आहे! एकदम डोक्यात आलं आणि मी टेबलावर हातच आपटला. सगळ्यांचे फोटो फ्लेक्सवर घ्यायचे आणि फ्लेक्स कारखान्याच्या दारावर लावायचा. 'प्रेझेंटेशननिमित्त हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: समस्त परिवार.' घरातले इतके खूश झाले की धाकटा दीर गॉगल लावलेला फोटो घेऊन स्वतः दुकानात आला आणि सासूबाईंनी नथ घालून नवा फोटो काढून घेतला. स्लाइडमधून आपण गेलो याची कुणाला आठवणसुद्धा राहिली नाही. फ्लेक्सच्या धंद्यातलं माझं सगळ्यात हुशारीचं काम ते. आजही मला त्याचं हसू येतं.

स्लाइडमधली माणसं गेली, पण शब्द राहिलेच. आम्ही दोघी 'उत्कृष्ट दर्जा', 'ग्राहकांचे समाधान' वगैरे वाक्यं इकडून तिकडे हलवत बसलो होतो. कुठलंही वाक्य काढलं की अक्का म्हणायच्या, "राहू दे की, वाचायला लागंल." या भांडणात माझा चहा टेबलावर सांडला. मी पुसायला टॉवेल घेतला तर अक्कांनी तो हातातून ओढूनच घेतला.

"हा कुणाकडनं घेतला?"

त्यांनी टॉवेलचा उसवलेला कोपरा उलटा केला आणि माझ्या नाकासमोर धरला. "बघ हितं. टॉवेल मधी कवाच फाटत न्हाय. आधी कोपरा जातो. धुऊन काढताना सगळे कोपरा धरूनच ओढतात. कोपरा उसवला की दोरा लोंबतो. दोरा लोंबला की गिऱ्हाईक म्हणतं हॉटेल घाण हाय. अय्यो, टॉवेल चांगला असतो गं! कोपऱ्यापायी बाद होतो. म्हणून मी कोपरा दुमडून परत उलटा टाका घालायला लावते. बायका शिव्या देतात मला. देऊ देत. माझा कोपरा उसवून दाखव!"

माझ्या अंगावर काटा आला. गेले चार दिवस आम्ही जे शोधत होतो ते या बाईच्या तोंडात रोजचं होतं.

"अक्का, हेच! हेच सांगायचंय तिथं!"

"हे काय सांगायचं? हे सगळ्यांना म्हाईत हाय."

"कुणालाही माहीत नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला.

बावीस स्लाइड मी तिथल्या तिथे पुसून टाकल्या. सोनेरी वेलबुट्टी पुसताना जरा जीवावर आलं, खोटं कशाला बोलू. पण पुढचे तीन दिवस मी ज्या मजेत काम केलं तसं आधी कधी केलं नव्हतं. उसवलेल्या कोपऱ्याचा फोटो मोबाइलवर काढला, दुकानाच्या दारातल्या सकाळच्या तिरप्या उन्हात, म्हणजे दोरा न् दोरा उठून दिसतो. पांढरा टॉवेल पांढऱ्यावर दिसेना, तर घरातली गडद निळी चादर खाली अंथरली. एक स्लाइड झाली की स्क्रीनचं तोंड रस्त्याकडे करायचं आणि बाबांना समोर धाडायचं.

"दोरा लोंबतोय!" बाबा पलीकडून ओरडले, आणि मी दुकानात अक्षरशः नाचले. पहिली स्लाइड पास! तिच्यावर एकच ओळ होती: 'टॉवेल आधी इथे फाटतो.' पुढची फक्त अक्कांच्या कोपऱ्याची. तिसरीत अक्कांच्याच न्हाणीघरातला वर्षानुवर्षं वापरलेला, रंग उडालेला टॉवेल, कोपरा मात्र शाबूत. एक स्लाइड शिवणाऱ्या हातांची होती. ती बाबांना चार वेळा 'काईतरी पीठ मळायलंय' अशी दिसली आणि पाचव्यांदा जमली. एव्हाना पानपट्टीवरची माणसंही मतं द्यायला लागली होती. एकजण म्हणाला, अक्षर वाढवा ताई, चष्मा नाही आणला. मी वाढवलं. सगळ्या मिळून सात स्लाइड झाल्या, आणि सातही रस्त्यापलीकडून कळत होत्या.

अक्कांना दाखवल्या. त्यांनी दोनदा बघितल्या आणि विचारलं, "ह्यात वाचायचं काय?"

"वाचायचं नाही, सांगायचं. परवा मला सांगितलं तसंच."

अक्कांनी मान हलवली. मी त्याचा अर्थ 'बरं' असा घेतला. मी इतकी खुशीत होते की त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलंच नाही.

प्रेझेंटेशनच्या दिवशी हॉलमधे पुढच्या रांगेत कंपनीची तिघं बसली होती. खरेदीचं बघणाऱ्या बाई मधे. आमच्या आधी पाचजण झाले. पहिल्याची अक्षरं गिरक्या घेत आली आणि मला माझीच लाज वाटली. दुसऱ्यानं लोकांकडे पाठ करून भिंत वाचली. तिसऱ्याच्या स्लाइडवर इतकं बारीक लिहिलेलं होतं की तो स्वतःच जवळ जाऊन बघत होता. चौथा आणि पाचवा येईपर्यंत पुढची तिघंही मोबाइलमधे गेली होती. मला आतून उकळ्या फुटत होत्या. थांबा म्हटलं, आता बघा!

अक्का उभ्या राहिल्या. हातात नमुन्यांची पिशवी. मी लॅपटॉपवर पहिली स्लाइड लावली. निळ्यावर पांढरा कोपरा, लोंबता दोरा. अक्कांनी भिंतीकडे वळून वाचलं, "टॉवेल आधी इथे फाटतो."

आणि थांबल्या.

वाचायला पुढे काहीच नव्हतं. त्या भिंतीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. दोराबिरा सगळं छान दिसत होतं, पण या बाईला आधाराला ज्या ओळी हव्या होत्या त्या मीच पुसल्या होत्या. बोलायला येत नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी मला स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी माझ्या हौसेपायी त्यांना तिथं मोकळ्या हातांनी उभं केलं होतं. मागून कुणीतरी खाकरलं.

कीबोर्डवरचं 'बी' अक्षर दाबलं की स्क्रीन काळी होते. मी ते बटण दाबलं. का, ते आजही मला धड सांगता येत नाही. भिंतीकडे बघून या बाईला काही मिळणार नाही, एवढंच त्या क्षणी वाटलं. हॉलमधला उजेड एकदम कमी झाला आणि तिघांच्याही माना मोबाइलमधून वर आल्या. आता बघण्यासारखं तिथं एकच होतं, अक्का.

अक्कांनी पिशवीतून माझ्या दुकानातला तो उसवलेला टॉवेल काढला, तीन पावलं पुढे गेल्या आणि त्याचा कोपरा खरेदीच्या बाईंच्या हातात दिला. "ओढा बाई. घाबरू नका, आमचा न्हाय."

बाईंनी ओढला. टर्रकन आवाज झाला.

"आता हा ओढा. हा आमचा."

बाईंनी ओढला. शेजारच्या साहेबांनी ओढला. मग दोघांनी दोन बाजूंनी ओढला आणि हॉल हसायला लागला. अक्का सुटल्या! मराठीतून हिंदीत गेल्या, मधेच एक तेलुगू शब्द आला, त्याचा अर्थ त्यांनी हातानं हवेत टाका घालून दाखवला. कुणीही हसलं नाही. म्हणजे हसले, पण अक्कांना हवं तिथंच. मी स्क्रीन परत चालू केली. आता त्या बोलायच्या आणि मी मागून स्लाइड लावायची. न्हाणीघरातला टॉवेल आला तेव्हा त्या भिंतीकडे न बघताच म्हणाल्या, "हा माझ्या घरचा. किती वर्षं झाली ते विचारू नका, माझं वय कळंल." मी अंधारात एकटीच टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटं संपल्याची घंटा झाली तर त्या साहेबांनी हात वर करून ती थांबवली.

नंतर खरेदीच्या बाई स्वतः उठून आमच्यापाशी आल्या. म्हणाल्या, "मला हे फार आवडलं. ऑर्डरचा निर्णय आमच्या मुंबईच्या ऑफिसात होतो. तुम्ही हे प्रेझेंटेशन मला मेल करा, मी तिकडे दाखवते."

मी लगेच लॅपटॉप पुढे ओढला. माझं काम मुंबईला जाणार होतं! तेवढ्यात अक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"पाठवून काय उपयोग, बाई?" त्या म्हणाल्या. "त्यात काय लिहिलेलंच न्हाय. मीच येते की. कवा येऊ, सांगा."

बाईंनी पर्समधून डायरी काढली.