डोक्यात हवा

माझा धाकटा भाऊ सलूनवाला. सगळी गल्ली त्याला 'बातमीपत्र' म्हणायची. खुर्चीतल्या माणसाच्या डोक्यावरचे केस कमी होईपर्यंत त्या डोक्यात अख्ख्या वस्तीच्या बातम्या भरलेल्या असायच्या. लग्न केलं नाही. "दिवसभर लोकांची डोकी खातो, घरी आणखी एक कशाला?" म्हणायचा. मग माझे यजमान गेले आणि मी त्याच्याकडे राहायला आले. तेव्हापासून त्याचं डोकं खायचं काम माझ्याकडे.

एकदा पडलेला कंगवा उचलायला वाकला आणि उठताना उघड्या कपाटाचा कोपरा टाळूत बसला. रक्त नाही, नुसतं टेंगूळ. मी म्हटलं, "कपाटाला लागलं का रे फार?" पोट धरून हसला मेला. त्यानंतर तो तसा हसलेला मला आठवत नाही.

आधी ट्यूबलाइट खुपायला लागली. मग केस वाळवायच्या मशीनचा आवाज. मग समोरासमोरचे आरसे. एका गिऱ्हाइकाची दहा डोकी दिसायची आणि याला घेरी यायची. शब्द सापडेनात. "ते दे गं... केसांत फिरवायचं ते!" जन्मभर हातात कंगवा धरलेला माणूस, आणि कंगवा म्हणता येईना! वर माझ्यावरच खेकसायचा. फोटोत मेंदू स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूला हिसका बसलाय, वेळ लागेल. वर्ष उलटलं. दुकानाला कुलूप. जागेचा मालक भला माणूस, पण त्यानंही शेवटी विचारलं, "महिनाअखेरपर्यंत उघडणार की सोडणार, एवढं सांगा."

तेवढ्यात कुणीतरी ऑक्सिजनच्या चेंबरचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "अशा माराला याचा उपयोग होतोच, असा पक्का पुरावा नाही. मी खात्री देणार नाही." पण बुडत्याला काडीचा आधार. भाऊ म्हणाला, "जाऊन बघू."

चेंबर म्हणजे जाड काचेचं भलंमोठं नळकांडं. त्यात माणसाला आडवं सरकवायचं, झाकण लावायचं आणि दाब वाढवत ऑक्सिजन सोडायचा. पेट घ्यायची भीती, म्हणून तेल नको, पावडर नको, अत्तर नको, अंगात फक्त सुती कपडे. दाब वाढला की कानांना दडे बसतात. मशीनवरची मुलगी म्हणाली, "काका, गिळत राहा, जांभई द्या." याला कळेना, म्हणून मी काचेबाहेरून जांभया देऊन दाखवत होते. मला बघून ती मुलगीही द्यायला लागली. भाऊ आतून नुसता बघत राहिला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "लोकांच्या डोक्यात हवा फुकट जाते, तुझ्यासाठी मशीन लावावं लागलं!" पूर्वीचा असता तर दामदुप्पट परत केलं असतं. हा गंभीरपणे म्हणाला, "हवा नाही ताई, ऑक्सिजन." अस्सा राग आला मला! आणि रिक्षात बसल्यावर रडू आलं.

पण जात राहिलो. मधूनमधून तो म्हणायचा, "जरा हलकं वाटतंय." एकदा कुकरच्या शिट्टीला दचकला नाही. मी लगेच मनात दुकान झाडून घेतलं. म्हणतात ना, आशा वेडी असते. मी तर ठार वेडी.

चेंबरची शेवटची खेप झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यानं कात्री काढली. "ताई, बस. तुझ्यावर करून बघतो. जमलं तर मालकाला सांगतो, उघडतो म्हणून."

स्वयंपाकघरात खिडकीपाशी स्टुलावर बसले. माझे केस नेहमी तोच कापायचा. सुरुवात झकास झाली. कात्री पूर्वीसारखी चालत होती. मला वाटलं, जिंकलो. मग तो डावीकडे आला, उजवीकडे गेला, परत डावीकडे आला. थांबला. "ही बाजू झाली का गं?" झाली होती. मी काही बोलायच्या आत त्यानं पुन्हा कापली. मग दुसरी तिच्याबरोबर करायला गेला. मानेला गार लागायला लागलं. अख्खी गल्ली माझ्या जिभेला टरकते, पण त्या दिवशी मी दात आवळून बसले.

त्यानं हातातला आरसा माझ्यापुढे धरला. एक बाजू कानाच्या वर, दुसरी कानाखाली, मध्येमध्ये कातडी दिसत होती. "कसे झालेत?"

"छान," मी म्हटलं. "अगदी सुरेख कापलेस रे."

त्यानं आरसा पालथा ठेवला.

"इतकी वर्षं तुझे केस कापतोय ताई, एकदा तरी छान म्हणालीस?"

तो खाली बसून फरशीवरचे केस हातानं गोळा करायला लागला.

"शिव्या घातल्या असत्यास, तर उघडलं असतं मी दुकान," तो म्हणाला. "मालकाला तूच सांग."