वाल न खाणारी तिघं

लग्न होऊन मी खालापूरच्या बाजूला आले तेव्हा मला सोळावं लागलं होतं. माझं माहेर घाटावर, पुण्याच्याही पलीकडं. वऱ्हाड आगगाडीनं कर्जतला उतरलं आणि तिथून पुढं बैलगाडीनं डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात आलं. माहेरी मी ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढलेली. सासरी दोन्ही वेळा भात, अधूनमधून नाचणीची भाकरी, सुकट, आणि बाकी सगळे दिवस वाल. भाताला मी महिनाभरात सरावले. सुकटीचा वास पहिल्यांदा नकोसा व्हायचा, तोही पुढं येईनासा झाला. पण तिथले ते कडवे वाल काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नव्हते.

नव्या सुनेनं हे कुणाला सांगायचं? आम्ही बायका पुरुषांमागून जेवायला बसायचो. मी वाढून घेताना वालाचं कालवण घ्यायची, रस भातात कालवायची आणि दाणे हळूच भाताखाली सारायची. जेवण उरकलं की ताटं मीच उचलायची. म्हशीच्या आंबोणाची पाटी मागच्या दाराशी असायची, त्यात दाणे जायचे. वर्षभर हे बिनबोभाट चाललं होतं.

दुसऱ्या वर्षी भाताची कापणी-झोडणी उरकली आणि माझ्या थोरल्या जाऊबाई बाळंतपणाला माहेरी निघाल्या. त्यांना आधीची दोन मुलं होती, सहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. त्यांच्या माहेरी त्याच सुमारास दोन भावजयाही बाळंतपणाच्या होत्या, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून मुलं आमच्याकडंच ठेवायची ठरली. गाडीत बसल्यावर जाऊबाईंनी मला जवळ बोलावलं.

"धाकटे, पोरांचं तुला सांगून ठेवते. पोरगी घास घेते, पन गिळत नाय. आणि हा भात खातो, पन पांढरा. भाताला काय लागलं की उठला समज."

"मग तुमी काय करता?"

"मी पुढ्यात बसते. घास भरवते, आणि तो पोटात गेला का ते बघत ऱ्हाते," त्या म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. गाडी गेली.

त्याच दिवशी दुपारी मला सगळं कळून चुकलं. मुलाच्या भातावर मी वरण वाढलं. त्यात कोथिंबिरीचं एक पान होतं. त्यानं ते बोटानं उचललं, माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "हे हिरवं हाय." मग पितळी सरकवून तो अंगणात निघून गेला. मुलगी मात्र शहाण्यासारखी बसून राहिली. तिनं घास घेतला, गालात ठेवला आणि उठली. दुपारभर ती सागरगोट्यांनी खेळत होती. उन्हं कलल्यावर मी तिला हाक मारली तेव्हा ती काही बोलेना. घास अजून गालातच होता.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचा स्वभाव करडा. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे उपाशी. भूक लागली की येतील आपसूक." पोरं आली नाहीत. मुलगा आंब्याखाली जाऊन झोपला. आणि तासाभरानं बघते तो आत्याबाईच तिथं त्याच्यापाशी बसून त्याला तूप-भात भरवत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आजच्या दिवस."

मग मी नाना युक्त्या केल्या. दुध्या किसून भाकरीच्या पिठात मळला. भाकरी छान टम्म फुगली. मुलानं ती उचलली, दाराशी गेला आणि उन्हात धरून उलटीपालटी करून पाहू लागला.

"काकी, यात काय हाय?"

"काय नाय. पीठ."

"मग हे काय हाय?" दुध्याचा एक पांढरा तंतू त्यानं नखानं ओढून काढला होता.

तांबडा भोपळा गुळात शिजवला, तर त्याला तो गरम लागला आणि निवल्यावर गार लागला. गोष्ट सांगत भरवायला बसले, तर गोष्ट संपली, घास तसाच. माझं अर्धं आयुष्य आता या दोघांची तोंडं उघडण्यात जाणार असं मला वाटायला लागलं. मी स्वतःच अजून पोरसवदा होते. एकदा चुलीपाशी बसून मी मुकाट्यानं रडलेही. तेव्हा ती मुलगी येऊन शेजारी बसली होती. गालात घास होता, त्यामुळं बोलली मात्र काही नाही.

आणि मग तो दिवस आला. पुरुषमाणसं जेवून ओटीवर बसली होती. मी आणि आत्याबाई आत जेवत होतो. मुलगी तोबरा भरून भिंतीला टेकली होती, मुलगा मांजरीच्या मागं फिरत होता. फिरता फिरता तो माझ्या पितळीपाशी येऊन थांबला. बराच वेळ पाहत राहिला.

"आजी," तो म्हणाला, "काकी पन वाल खात नाय."

आत्याबाईंनी वर पाहिलं. "गप रं. खाते ती."

"नाय खात. भाताखाली ठेवते. मग म्हशीला देते. रोज देते."

माझे कान तापले. हातातला घास हातात राहिला. आत्याबाईंनी हात लांब करून माझा भात बोटानं थोडा बाजूला केला. खाली वालांची ही रास. आता काय बोलणी खावी लागणार म्हणून मी मान खाली घातली. तर त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मी घाबरून पाहिलं. त्या हसत होत्या. इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि डोळे पुसावे लागले. वर्षभरात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"थोरली मला दोन पोरं देऊन गेली असं मी समजत होते," त्या म्हणाल्या. "तीन हायत की."

बाहेरून मामंजींनी विचारलं, "काय झालं गं?"

"काय नाय. म्हस एवढं दूध कशी देते ते आज कळलं."

मुलगी सरकत सरकत माझ्याजवळ आली. तिनं गालातला घास कसाबसा गिळला. माझ्या देखत तिनं गिळलेला तो पहिला घास. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं विचारलं, "काकी, कडू लागतो ना गं?"

"लागतो," मी म्हटलं.

"मला पन."

त्या दिवशी आत्याबाईंनी आमची पंगत ठरवली. आम्ही तिघांनी एकत्र जेवायचं. कुणी कुणाला भरवायचं नाही, आणि पानात जे पडेल ते आधी मी खायचं. "ही तुमची म्होरकी," त्या मुलांना म्हणाल्या. "तिनं नाय खाल्लं तर तुमी पन नका खाऊ."

शेतातल्या कामांच्या घाईत घरात वाल नुसते सालासकट उकडायचे, म्हणून ते इतके कडू लागत. बिरडं करायचं तर वेळ लागतो, ते सणावारी किंवा पाहुणे आले की व्हायचं, पण तेही मी चाखून न बघताच भाताखाली सारलं होतं. आता शेतातली धांदल संपली होती. आत्याबाईंनी वाल भिजत घातले, मग फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवले. दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं तर प्रत्येक दाण्याला शेपटीसारखा मोड आलेला. मुलगा म्हणाला, "उंदीर." आणि ते उंदीर तो जमिनीवर रांगेनं मांडायला लागला.

मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले आणि सोलायला आम्ही चौघं परातीभोवती बसलो. दाणा दोन बोटांत धरून दाबला की सालीतून सुळकन बाहेर येतो. मुलाचा पहिलाच दाणा उडाला तो थेट मांजरीला लागला. मांजर पळाली. दुसरा आत्याबाईंच्या अंबाड्यात गेला. मग तो आवरेना. ती मुलगी, एरवी ओठ मिटून बसणारी, हसून हसून आडवी झाली. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि स्वतः एक दाणा नेम धरून नातवाच्या पोटावर मारला.

जे उडायचे ते उडाले, तरी परातीत पुष्कळ उरले. सोललेले दाणे हिरवट पांढरे, लुसलुशीत दिसत होते. आत्याबाईंनी मला चुलीपाशी बसवून एकेक सांगितलं. फोडणीत जिरं, हिंग, कांदा. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायचं. ढवळायचं जपून, दाणा मोडता कामा नये. शेवटी ओलं खोबरं, आमसूल आणि गूळ. घरभर वास सुटला.

आम्ही तिघं एका रांगेत बसलो. पितळीत भात आणि बिरडं. मुलं जेवायचं सोडून माझ्या तोंडाकडं बघत होती. आत्याबाईही बघत होत्या. मी एकच दाणा तोंडात टाकला. आधी गुळाची गोडी लागली, मग आमसुलाचं आंबट, आणि अगदी शेवटी जिभेच्या मागं थोडं कडसर. ते कडसरही वाईट नव्हतं.

"कसा हाय?" मुलगी म्हणाली.

"थांब. अजून एक खाऊन सांगते."

दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला. चौथ्याला मुलीला राहवलं नाही, तिनं एक दाणा उचलून तोंडात टाकला. चावला. गिळला. मुलगा अजून हात न लावता बसला होता. शेवटी म्हणाला, "यातला मी सोललेला कुठला?"

मी त्याच्या पितळीतला सगळ्यात टपोरा दाणा दाखवला. "हा तुझाच. ओळखला मी." त्यानं तो खाल्ला. मग शेजारच्याकडं बोट करून म्हणाला, "हा पन माझाच हाय." असे त्याचेच दाणे निघत गेले आणि पितळी रिकामी झाली.

म्हणून काही पोरं एका दिवसात सरळ झाली नाहीत. सुकट त्या मुलानं मोठा होईपर्यंत खाल्ली नाही, आणि दुध्याशी त्याचं कायमचं वैर राहिलं. पण जे काही करायला त्यांचा हात लागे ते पोटात जाई, हे मला उमगलं होतं. मी तांदळाच्या पिठाच्या पानग्या करायला घेतल्या. मुलगी केळीचं पान पुसून द्यायची, मुलगा पीठ थापायचा, म्हणजे त्यात पाचही बोटं रुतवायचा. वरून दुसरं पान घालून तव्यावर टाकली की पान करपत जायचं. मग ते सोलायचं. पानगीवर पानाच्या शिरा उठलेल्या असायच्या आणि मधोमध त्याची बोटं. ती बोटं तो आधी खायचा. मुलगी शिरांवरून घास तोडायची, एक शीर एक घास. गालात काही साठवायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. मीही त्या दिवसांत अंगानं भरले. मामंजी एकदा आत्याबाईंना म्हणाले, "म्हस आटली वाटतं," आणि मी पदर तोंडाशी धरून आत पळाले.

माघ संपता संपता जाऊबाई तान्ह्या मुलीला घेऊन परत आल्या. पोरं आता नीट जेवतात असं त्यांना सांगून मी मोठ्या हौसेनं बिरडं केलं, पानग्या केल्या. जाऊबाई सवयीनं मुलांच्या पुढ्यात बसल्या, घास केला, आणि दोघांनी तोंडं मिटून घेतली. मुलगी भिंतीला टेकली. मुलानं खोबऱ्याचा एक कण उचलून आईला दाखवला.

"बघ," जाऊबाई मला म्हणाल्या. "उगाच माझी समजूत घालतेस."

मला रडावं की हसावं कळेना.  आत्याबाईंनी दोन दिवस जाऊ दिले.

वालाचं शेत तेव्हा शेंगांनी लगडलं होतं. तिसऱ्या दिवशी उन्हं उतरायला लागली तसं आत्याबाईंच्या सांगण्यावरून मामंजींनी सगळ्यांना शेतावर नेलं आणि पोपटी लावली. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधेमधे रताळी, तोंडाशी पुन्हा पाला. मग मडकं उपडं करून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवल्या. शेंगा तोडायला, मीठ चोळायला, पाला दाबायला दोन्ही मुलं पुढं. मडकं रितं केलं तसा पाल्याचा आणि भाजल्या शेंगांचा वास सुटला. मुलं फू फू करत शेंगा सोलून दाणे तोंडात टाकायला लागली. मी त्यांच्या बरोबरीनं खात होते.

जाऊबाई तान्हीला मांडीवर घेऊन बघत राहिल्या. "अरं, हे वाल हायत," त्या मुलाला म्हणाल्या.

"ठावं हाय," तो म्हणाला.

"मग घरात का नाय खाल्लेस?"

त्यानं तोंडातलं संपवलं. "तू बघत बसतेस."

 मग जाऊबाईंनाच हसू फुटलं. तान्हीला सावरत त्या उठल्या, वळून डोंगराकडं तोंड केलं आणि पोरांकडं पाठ करून बसल्या. "खा आता," म्हणाल्या. मुलीनं मूठभर दाणे सोलले आणि मागूनच आईच्या हातात दिले. त्या ते न बघता खात राहिल्या. शेंगा संपल्या, विस्तव विझत आला, तरी त्या वळायला तयार होईनात. शेवटी मामंजी म्हणाले, "थोरले, आता वळलीस तरी चालेल."