सुखदेवमामांची हाळी

माझ्या मुलीला रोज झोपताना ज्या राक्षसाची भीती वाटायची, तो राक्षस मी घडवला होता. आणि घडवताना गावातला एक भला माणूस वापरला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

तो माणूस म्हणजे सुखदेवमामा. उंद्रीजवळच्या आमच्या गावात ते मक्याची राखण करायचे. रानडुकरांचा कळप शिरला की उभा मका आडवा होतो, म्हणून चार-पाच शेतकरी मिळून त्यांना ठेवत. दिवस मावळला की ते शेतातल्या लाकडी माळ्यावर चढत आणि हाळी घालत, "होऽऽऽ हा!" तो आवाज ओढा ओलांडून थेट आमच्या खिडकीत यायचा. गावात तेवढंच ऐकू येई. जवळ गेलं की पुढचं कळे: "चला पाव्हणे, निघा आता! लेकरंबाळं घिऊन घरी जा बापा!"

"मामा, डुकरांना शिव्या का देत नाही?" मी एकदा विचारलं.

"काऊन देऊ मास्तर? त्यायलेबी पोट हाय. जेवू तं देत नाही आपन, निदान गोड तं बोलावं."

माळ्यावर ते दिवा लावत नसत. म्हणायचे, "जनावर काठीले भेत नाही. दिसते त्याले तं बिलकूल भेत नाही. जे दिसत नाही, निस्तं ऐकू येते, त्याले भेते." मला ते फार पटलं. इतकं, की मी ते घरी वापरलं.

मी तिथल्या शाळेत शिक्षक. बायको चिखलीला नर्स. संध्याकाळची ड्यूटी असली की उशिरा यायची. मुक्ता तेव्हा चार वर्षांची, आणि तिला झोपवणं माझ्याकडे. आई आल्याशिवाय ती डोळा मिटत नसे. एकदा तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पुढ्यात होता, तिची बडबड चालू होती, आणि हाळी आली. मी ओठांवर बोट ठेवून म्हटलं, "ऐकलंस? होवाला आला. जागी असलेली पोरं शोधतो तो."

ती गपकन डोळे मिटून पडली. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. मग कणसं भरेपर्यंत रोजच.

हळूहळू ती मला पलंगाखाली बघायला लावू लागली. पंखा चालू असतानाही डोक्यावरून पांघरूण घेऊन घामाघूम व्हायची. "बाबा, होवाल्याला दात किती असतात?" "झोप, म्हणजे मोजावे लागणार नाहीत." असं उत्तर मी दिलेलं आहे. त्याच आठवड्यात शाळेच्या पालकसभेत मी भूतबित काही नसतं यावर बोललो होतो, आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मामा सकाळी घरी जाताना अंगणवाडीपाशी थांबत, पोरांना भाजलेली कणसं देत. मुक्ताही घ्यायची, हेच मामा रात्री हाळी घालतात हे तिला ठाऊक नव्हतं. एका सकाळी मी तिला सोडायला गेलो होतो. एका पोरानं विचारलं, "मामा, डुकराले कसं हाकलता?" मामांनी तोंडाशी हात धरून हाळी घातली.

मुक्ता किंचाळली. "होवाला! हाच रात्री येतो!" तिनं फ्रॉक ओला केला.

पोरं सोडायला आलेल्या बायांनी आपापली लेकरं जवळ ओढली. मग एकीनं विचारलं, "रात्री कुठी येते हो हा मानूस?" अंगणवाडीताई खाली बघत म्हणाल्या, "मामा, तुमी इकून नका येत जाऊ."

मामांच्या हातात कणीस तसंच होतं. ते माझ्याकडे वळले. "मास्तर, म्या तुमच्या लेकराले काई केलं काय हो?"

एका वाक्याचं काम होतं. पण समोर तेच टाळ्या वाजवणारे पालक उभे होते. मी म्हणालो, "लहान आहे, मामा. घाबरते कशालाही." लोकांनी त्याचा अर्थ असा लावला, की मास्तर मोठ्या मनाचा, प्रकरण वाढवत नाही. तेही मला कळलं, आणि तेही मी चालू दिलं.

मामा नाल्याच्या बाजूनं जाऊ लागले. पुढच्या हंगामात त्यांना कुणी राखणीला बोलावलं नाही. शेतात रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा भोंगा आला. ते आणि राधामामी दुसरबीडला लेकीकडे गेले. निघताना शाळेच्या फाटकाशी थांबून एवढंच म्हणाले, "येतो मास्तर. पोरीले रागवू नका."

गेल्या हिवाळ्यात ते वारल्याचं कळलं. मी भेटायला गेलो. मामींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "लय खेप म्हनत, त्या मास्तरच्या पोरीले माह्यानं काय झालं असन वं? मंग तं लेकरू दिसलं का सडकेच्या पल्याड होऊन जात. नातवालेबी उचलून घेत नव्हते."

मी म्हणालो, "देवमाणूस होते." चहा संपवला आणि मिळाली त्या एसटीनं परत आलो.

मुक्ता आता अकरावीला आहे. तिला यातलं काही आठवत नाही. फक्त अजून दिवा लावून झोपते. तिची आई म्हणते, काहींना असतेच सवय. मी वर्तमानपत्र वाचत राहतो.

सुखदेवमामांनी काही केलेलं नव्हतं. केलं ते मी. हे मला मुक्ताला सांगायचं आहे, राधामामींना सांगायचं आहे, आणि गावात त्या अंगणवाडीपुढे उभं राहून सांगायचं आहे. तिन्ही ठिकाणी अजून सांगितलेलं नाही.